घोडा, उंदीर आणि ससा : मानसशास्त्रातल्या सिद्धांतांची तुलना कशी करायची?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मानसशास्त्रातले मुख्य विचारप्रवाह एकेक करून पाहिले. आज त्यांची तुलना करायची असं ठरलं होतं. मध्यंतरी तुमचे बरेच प्रश्न आले, त्यातला एक आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवला. एका आईनं लिहिलंय. मुलगी सहा वर्षांची आहे. कुत्र्याला इतकी घाबरते की सोसायटीच्या गेटबाहेर एकटी पाऊल टाकत नाही, शाळेच्या बसपर्यंत कडेवर उचलून न्यावं लागतं. बाईंनी दोन ठिकाणी सल्ला विचारला. एकानं सांगितलं, कुत्रा हे निमित्त आहे, मुलीच्या मनात दुसरंच काहीतरी दडलंय. दुसऱ्यानं सांगितलं, मनाबिनाचं सोडा, रोज थोडं थोडं कुत्र्याजवळ न्या, भीती जाईल. बाईंचा प्रश्न असा, की दोघंही शिकलेले आहेत, दोघांच्याही भिंतीवर पदव्या आहेत, मग खरं कोणाचं?

प्रश्न सरळ आहे. पण आपल्या पाठ्यपुस्तकांकडे गेलात तर उत्तर मिळत नाही. तिथं एक तक्ता मिळतो. डावीकडे मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधात्मक दृष्टिकोन, जैविक दृष्टिकोन. वरती प्रवर्तक, मुख्य संकल्पना, गुण, मर्यादा. आम्हीही हा तक्ता वर्षानुवर्षं फळ्यावर काढला आहे, तेव्हा त्याला नावं ठेवताना स्वतःलाही ठेवतोय. तक्त्याची खोड अशी, की त्यात प्रत्येक चौकट सारख्या मापाची असते. प्रत्येकाला दोन गुण, दोन मर्यादा. परीक्षेला बरं पडतं. आणि शेवटी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट येते. कुणाच्या हाती सोंड, कुणाच्या हाती पाय, सगळेच थोडेथोडे बरोबर.

ही गोष्ट ऐकायला उदार वाटते, पण तिच्यात एक लबाडी आहे. गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असतो, म्हणून तर तो सांगू शकतो की हा पाय आणि ती सोंड. माणसाच्या मनाच्या बाबतीत असा डोळस निवेदक कोण? पाठ्यपुस्तकाचा लेखक? तो तर आंधळ्यांच्याच रांगेतला. आणि त्या आईला विचाराल तर तिला उदारपणा नकोच आहे. तिला उद्या सकाळी सव्वासातला गेटपाशी काय करायचं ते हवंय.

तेव्हा आज तक्ता बाजूला ठेवू. त्याऐवजी आपण तीन मुलं घेऊ. तिघंही प्राण्याला घाबरणारी, तिघांचीही हकिगत छापून आलेली: 1909, 1920 आणि 1924. एक घोडा, एक उंदीर, एक ससा. सिद्धांतांची तुलना त्यांच्या व्याख्यांवरून केली तर फारसं काही हाती लागत नाही, असं आम्हाला वाटतं. ती करावी एका विशिष्ट ठिकाणी उभं राहून. प्रत्येक हकिगतीत एखादा तपशील असा असतो, जो लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे नोंदवलेला असतो, पण त्याच्या सिद्धांतात तो बसत नाही. त्या तपशिलाचं पुढं काय केलं, हे बघायचं.

पहिला मुलगा व्हिएन्नाचा. फ्रॉइडनं त्याला 'लिटल हान्स' म्हटलं. खरं नाव हर्बर्ट ग्राफ. वडील मॅक्स ग्राफ संगीत समीक्षक आणि फ्रॉइडच्या मंडळातले, आई पूर्वी फ्रॉइडकडे उपचार घेतलेली. 1908 च्या सुरुवातीला, पाचवं वर्ष संपत आलेलं असताना, मुलगा रस्त्यावर जायला घाबरू लागला. घोडा चावेल म्हणायचा. तेव्हाच्या व्हिएन्नात घोडे टाळून रस्त्यावर जाणं म्हणजे आज मुंबईत रिक्षा टाळून जाण्यासारखं. वडील मुलाचं बोलणं टिपून ठेवायचे, फ्रॉइडला पाठवायचे, त्याच्या सूचनेप्रमाणे मुलाशी बोलायचे. या उपचारात फ्रॉइड स्वतः मुलाशी फक्त एकदा बोलला. बाकी सगळा कारभार पत्रावर.

फ्रॉइडचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. घोडा म्हणजे वडील. घोड्याच्या तोंडाभोवतीचं काळं म्हणजे वडिलांच्या मिशा, डोळ्यांवरची झापडं म्हणजे त्यांचा चष्मा. आईवर हक्क हवा, म्हणून वडिलांबद्दल वैर, म्हणून त्यांच्याकडून शिक्षा होईल ही भीती, आणि ती भीती सरकून घोड्यावर जाऊन बसली. ईडिपस गंडाचं इतकं ठळक उदाहरण फ्रॉइडला दुसरं मिळालं नव्हतं.

आता न बसणारा तपशील. मुलानं स्वतः सांगितलं होतं की त्यानं बसगाडीला जुंपलेला एक मोठा घोडा रस्त्यात कोसळताना पाहिला, तो पाय झाडत होता, तो मेला असं त्याला वाटलं, आणि भीती तेव्हापासून सुरू झाली. आईनंही याला दुजोरा दिला. हे सगळं फ्रॉइडच्याच लेखात आहे. वडिलांनी मात्र मुलाला विचारलं की घोडा पडला तेव्हा तुला माझी आठवण झाली का? मुलगा म्हणाला, असेल, होऊ शकतं. पाच वर्षांचं पोर बापाच्या प्रश्नाला आणखी काय म्हणणार? फ्रॉइडनं हेही कबूल केलंय की मुलाला जे स्वतःहून सांगता येत नव्हतं ते बरंच काही त्याला सांगावं लागलं, त्याच्या मनात ज्यांची चिन्हं दिसली नव्हती असे विचार त्याच्यापुढे ठेवावे लागले. मग घोडा पडल्याचं काय झालं? ते 'निमित्त' ठरलं. खरं कारण आत, पडलेला घोडा बाहेरचा.

इथं थोडं थांबायला हवं, कारण फ्रॉइडची थट्टा करणं फार सोपं आहे आणि ती करून आपण पुढं गेलो तर चुकू. एक तर, त्या काळात पाच वर्षांच्या मुलाची बडबड कुणी ऐकण्याजोगी मानत नव्हतं, अभ्यासण्याजोगी तर नाहीच. फ्रॉइडनं ती पानंच्या पानं छापली, आपल्या विरोधात जाणाऱ्या वाक्यांसकट. पुढं ज्यांनी त्याला खोडून काढलं त्यांनी त्याच्याच पानांवरून खोडलं. आता येणाऱ्या दुसऱ्या हकिगतीत मूल काय म्हणालं याचा प्रश्नच नाही, कारण तिथं मूल बोलतच नाही.

ते मूल बाल्टिमोरचं. जॉन बी. वॉटसन आणि रोझाली रेनर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. मुलाला त्यांनी 'अल्बर्ट बी.' म्हटलं, आई रुग्णालयात दाई होती. नऊ महिन्यांचा असताना पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, मुखवटे यातल्या कशालाच अल्बर्ट घाबरत नव्हता. अकरा महिन्यांचा झाल्यावर प्रयोग सुरू झाला. उंदीर पुढं ठेवायचा, मुलानं हात लावला की पाठीमागं पोलादी कांबीवर हातोडा मारायचा. असं सात वेळा. मग नुसता उंदीर दिसला तरी मूल रडत दूर सरकू लागलं. पुढं ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही ते बिचकलं. निष्कर्ष असा, की भीती आतून येत नाही, ती जोडली जाते. याला मराठी पुस्तकांत 'अभिसंधान' म्हणतात, आपण 'जोडणी' म्हणू.

प्रयोग क्रूर होता, यात वाद नाही. मूल रुग्णालयातून गेलं, भीती काढली गेली नाही. आज कुठलीही नैतिक समिती याला परवानगी देणार नाही. पण आपला मुद्दा वेगळा आहे. वॉटसन-रेनर यांच्या निबंधाच्या शेवटी फ्रॉइडवाल्यांना टोमणा आहे. वीस वर्षांनी हा अल्बर्ट फरच्या कोटाला घाबरतो म्हणून एखाद्या विश्लेषकाकडे गेला, तर तो त्याच्याकडून एखादं स्वप्न वदवून घेईल आणि त्यात कामवासना शोधून काढेल, अशा अर्थाचा. म्हणजे प्रयोग बाल्टिमोरला चाललाय, पण डोळा व्हिएन्नावर आहे. सिद्धांत एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या चौकटीत बसून तयार होत नाहीत. ते भांडत भांडत तयार होतात, आणि तक्त्यात हे भांडणच गळून जातं.

अल्बर्टच्या हकिगतीतला न बसणारा तपशील लहानसा आहे, अंगठ्याएवढा. मूल अंगठा चोखत असलं की घाबरत नसे. चित्रीकरण चालू असताना भीती दिसावी म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडातून अंगठा काढावा लागला. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आता याचा अर्थ काय? उंदीर आणि आवाज यांची जोडणी पक्की झालेली आहे, उंदीर समोर आहे, तरी मूल शांत. म्हणजे मूल नुसतं धक्के घेणारं यंत्र नाही, स्वतःला सावरण्याचं काहीतरी साधन त्याच्याकडे आहे आणि ते त्यानं शोधलेलं आहे. वॉटसननं हा धागा फ्रॉइडवर पलटवायला वापरला, की तुम्ही ज्याला कामप्रेरणा म्हणता ती भीती दाबण्याचं साधन असू शकेल. पण मूल स्वतःला कसं सावरतं हा प्रश्न त्यानं तसाच टाकला.

आणखी एक गंमत. 1979 साली बेन हॅरिस यांनी पाठ्यपुस्तकं तपासली, अल्बर्टची गोष्ट त्यांत कशी सांगितली जाते ते पाहिलं. कुणी यादीत मांजर घातलं होतं, कुणी टेडी बेअर. काहींनी तर शेवटी अल्बर्टची भीती घालवली असा गोड शेवटही जोडला होता. तक्त्यात बसवायची म्हटली की गोष्टच बदलते, ती अशी. (यानंतर तुम्ही आमच्याकडचीही वाक्यं तपासून घ्यावीत, आमची हरकत नाही.)

तिसरं मूल आमच्या विशेष आवडीचं. पीटर, वय दोन वर्षं दहा महिने. अभ्यास करणारी मेरी कव्हर जोन्स, तेव्हा तरुण संशोधक. सल्ल्याला वॉटसन होताच. पीटर सशाला घाबरायचा, शिवाय उंदीर, फर, पीस, कापूस. म्हणजे जणू अल्बर्टच थोडा मोठा होऊन समोर आलेला. जोन्सबाईंनी विचारलं, जोडता येतं तर सोडवता येतं का? पीटर खुर्चीवर बसून आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांबवर ठेवायचा, मग दिवसागणिक जवळ आणायचा. घाई केली तर उलटं होण्याचा धोका. ससा खाऊशी जोडला जाण्याऐवजी खाऊच सशाशी जोडला जाईल. मधेच मुलाला स्कार्लेट फीव्हर झाला, दोन महिने दवाखान्यात गेले, आणि घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. सोबतची नर्सही घाबरली. केलेलं सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पीटरनं सशाला आपली बोटं कुरतडू दिली.

यातूनच पुढं जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये आपली पद्धत बांधली: भीतीची पायरी-पायरीची शिडी करायची, शरीर सैल सोडायचं, आणि खालच्या पायरीपासून चढायचं. वर्तनोपचाराची आई म्हणून त्यांनी जोन्सबाईंचं नाव घेतलं. तुमच्या आमच्या ओळखीत कुणी विमानाची, लिफ्टची, इंजेक्शनची भीती घालवली असेल तर त्यामागं कुठंतरी हा ससा आहे.

पण पीटरच्या हकिगतीतही खाऊखेरीज बरंच काही आहे. सशाला न घाबरणारी दुसरी मुलं मुद्दाम खोलीत आणलेली होती. आणि एक सहायक होता, जो पीटरला इतका आवडायचा की पीटर त्याला 'पापा' म्हणायचा. जोन्सबाईंनी लिहिलंय की त्यानं काही सुचवलं नाही, पण तो तिथं असल्यामुळं मुलाला एकूण बरं वाटत असावं आणि त्याचा परिणाम झाला असावा. शेवटी त्यांनी पीटरच्या घराबद्दलही काळजी व्यक्त केलीय. आई फार हळवी, आणि मुलाला घरात ठेवायला 'कुणीतरी पळवून नेईल' अशी भीती घालणारी. आपल्याकडचा बागुलबुवा तिथंही होता म्हणायचा. हान्सच्या आईनंही त्याला डॉक्टरचा धाक घातला होता, तोही बराच अघोरी.

म्हणजे बघा, मुलाची भीती कमी झाली ती खाऊनं, की दुसऱ्या मुलांकडे बघून, की त्या 'पापा'च्या असण्यानं? वर्तनवादाला यातलं पहिलंच मोजता येत होतं. जोन्सबाईंचा मोठेपणा असा की त्यांनी बाकीचं झाकलं नाही. उरलेल्या दोन गोष्टींवर पुढं दोन वेगळे विचार उभे राहिले. 1967 मध्ये बांडुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याला घाबरणारी बालवाडीतली मुलं घेतली. न घाबरणारं एक मूल कुत्र्याशी हळूहळू जास्त जवळून खेळतंय, हे त्यांना रोज थोडं थोडं दाखवलं. स्वतः हात न लावताही बऱ्याच मुलांची भीती उतरली. हातोडा नाही, खाऊची जोडणी हेही कारण नाही. काही मुलांना नुसती पार्टी दिली होती आणि तिचा तेवढा उपयोग झाला नव्हता. मूल बघून शिकतं हे कुठल्याही आजीला माहीत होतं, पण वर्तनवादाच्या चौकटीत ते बसवायला बांडुराला चौकट मोडावी लागली. आणि तो 'पापा' रॉजर्सकडे आणि बोल्बीकडे गेला असं आपण म्हणू. रॉजर्सनं 1957 मध्ये जवळजवळ असं म्हटलं की उपचार करणाऱ्याची आपुलकी, सच्चेपणा आणि समजून घेणं एवढंच आवश्यक आहे आणि तेवढं पुरेसं आहे. आवश्यक, मान्य. पुरेसं? सव्वासातला गेटपाशी बसगाडी उभी आहे, तिथं नुसती सहानुभूती पुरत नाही. मानवतावादाबद्दल आम्हाला आदर आहे, पण या ठिकाणी त्याची बाजू लंगडी पडते, आणि समतोल राखायचा म्हणून ते न बोलणं बरं नाही.

आता परत हान्सकडे. 1960 मध्ये वोल्पे आणि रॅकमन यांनी फ्रॉइडच्या लेखावर सविस्तर टीका लिहिली. वदवून घेतलेल्या उत्तरांना पुरावा मानता येत नाही. पडलेला घोडा हेच भीतीचं मूळ. आणि तिथून भीती गाड्या, बस, ओझी यांवर पसरली, अल्बर्टच्या फरच्या कोटासारखी. टीका वाचताना पटत जाते. आमच्या वर्गात ती वाचून झाली की बहुतेक विद्यार्थी फ्रॉइडला निकालात काढतात.

मग आम्ही त्यांना त्याच लेखातली आणखी एक नोंद दाखवतो. घोड्याची भीती दिसण्याच्या काही दिवस आधी हान्स रडत उठला होता, आई निघून गेल्याचं स्वप्न पडलं म्हणून. नंतर मोलकरणीबरोबर बागेत जाताना रडू लागला, आईजवळ घरी जायचं म्हणाला. घोडा चावेल हे त्यानंतर. वोल्पे-रॅकमन यांच्या मांडणीत आईला जागा नाही. पडलेला घोडा त्यांनी उचलला आणि रडणारं मूल खाली ठेवलं. हे मूल उचललं बोल्बीनं, 1973 मध्ये. आई सोडून जाईल ही भीती इथं मुख्य आहे, आणि त्या घरात आई तशी धमकीही देत असे, हे त्यानं त्याच पानांतून दाखवलं. त्या आधीच्या दीड वर्षात घरात धाकटी बहीण आली होती. पुढं आईवडील वेगळेही झाले.

एकाच लेखातून तिघांनी तीन मुलं काढली. बापाला घाबरणारं, घोड्याला घाबरणारं, आई जाईल म्हणून घाबरणारं. आता हत्तीवाली गोष्ट सांगणारा म्हणेल, बघा, तिन्ही खरी. आम्हाला तसं वाटत नाही. तिघांचा पुरावा सारख्या वजनाचा नाही. घोडा पडल्याचं मुलगा स्वतःहून सांगतो, आई दुजोरा देते. आई गेल्याचं स्वप्न मुलगा कुणी न विचारता सांगतो. बापाच्या मिशा मात्र प्रश्न विचारणाऱ्यांकडून येतात. हा फरक करण्यासाठी कुठल्याही एका पंथाची दीक्षा लागत नाही, गावातल्या पंचांनाही साक्षीपुराव्यातला एवढा फरक कळतो. जे न विचारता सांगितलं ते वरचं, जे विचारून वदवलं ते खालचं. या कसोटीवर फ्रॉइडचा अर्थ सगळ्यांत कच्चा ठरतो, त्यानं जमवलेली सामग्री मात्र सगळ्यांत श्रीमंत. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि तक्त्याच्या 'गुण' व 'मर्यादा' या रकान्यांत ते मावत नाही.

जैविक दृष्टिकोनाकडे थोडक्यात येऊ. तो वर्तनवादाच्या एका अपयशातून आत शिरतो. अल्बर्टनंतर 1929 मध्ये एकानं हाच हातोडा लाकडी बदकाबरोबर वापरून पाहिला, 1934 मध्ये एल्सी ब्रेगमन यांनी लाकडी ठोकळे आणि पडद्यांची कापडं वापरली. भीती जोडलीच गेली नाही. कशालाही काहीही जोडता येतं, हे मग खरं नव्हे. 1966 मध्ये गार्सिया आणि कोलिंग यांनी उंदरांवर दाखवलं की चव मळमळीशी सहज जोडली जाते, विजेच्या झटक्याशी नाही. आवाज आणि उजेड यांचं नेमकं उलटं. गार्सियाचे पुढचे निबंध नावाजलेल्या नियतकालिकांनी कितीतरी काळ परत पाठवले, हा मानसशास्त्राच्या इतिहासातला प्रसिद्ध किस्सा. 1971 मध्ये सेलिगमननं हे माणसांच्या भीतीला लावलं. साप, उंची, अंधार, जनावरं यांना माणसं झटकन घाबरतात. विजेच्या प्लगला कुणी तसं घाबरत नाही, शॉक बसलेला असला तरी. उत्क्रांतीनं काही जोडण्यांची वाट आधीच मळून ठेवलीय.

नंतर मेंदूचे फोटो आले आणि अमिग्डाला हा शब्द घरोघरी पोचला. त्याला 'भीतीचं केंद्र' म्हणायची पद्धत पडली. ज्यांच्या संशोधनावरून ती पडली त्या जोसेफ लेडू यांनीच पुढं हात वर केले, की अमिग्डाला धोका हेरतो, शरीराला तयार करतो. भीती वाटणं हा अनुभव म्हणजे त्याहून वेगळं काहीतरी. 2013 मध्ये अमिग्डाला निकामी झालेल्या रुग्णांना कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तर त्यांनाही घाबरून धडकी भरली. न बसणारा तपशील समोर आला आणि आपल्याच गाजलेल्या शब्दाबद्दल लेडूंनी माघार घेतली. आजच्या सगळ्या गोष्टींत आम्हाला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच. सिद्धांताचा कस इथं लागतो. किती स्पष्टीकरणं दिली यात नाही.

राहिला बोधात्मक दृष्टिकोन. महाराष्ट्रात तो अल्बर्ट एलिसच्या नावानं जास्त ओळखीचा आहे, कारण कि. मो. फडके यांनी एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत चिकाटीनं रुजवली. घटना माणसाला घाबरवत नाही, घटनेबद्दलची धारणा घाबरवते, हे सूत्र आता समुपदेशनाच्या कुठल्याही शिबिरात ऐकू येतं. पण एलिसच्याच आयुष्यातला प्रसंग बघा. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची फार भीती. त्यानं स्वतःलाच नेम घालून दिला: न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायचं. एकशेतीस जणींपाशी गेला, तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. भीती मात्र गेली. आणि हे करायला धीर कुठून आला? तत्त्वज्ञांच्या वाचनातून, आणि वॉटसनच्या गटानं मुलांवर केलेल्या प्रयोगांतून, असं तो सांगत असे. पुन्हा पीटरचा ससाच! विचार बदलला म्हणून भीती गेली, की शंभर वेळा केलं म्हणून विचार बदलला? एलिसनं पुढं आपल्या पद्धतीच्या नावात 'वर्तन' हा शब्द घातला, यावरून काय ते समजा. तरी आपल्याकडच्या बऱ्याच शिबिरांत धारणा फळ्यावर लिहून खोडायची, एवढंच उरतं. फळ्यावरची धारणा खोडणं सोपं असतं.

आता आपल्या त्या बाई. दोघांपैकी खरं कोणाचं? आमचं मत स्पष्ट सांगतो. विशिष्ट गोष्टीच्या भीतीवर पुरावा सर्वांत भक्कम आहे तो पायरीपायरीनं सामोरं नेण्याच्या बाजूनं. लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 पासून तर दाखवून दिलंय की नीट आखलेली, काही तासांची एकच बैठकही पुष्कळांना पुरते. म्हणून दुसऱ्या सल्लागाराचं काम आधी. 'मनात दडलंय' म्हणणाऱ्यानं ते कशावरून हे सांगितलं पाहिजे. मुलगी न विचारता काय बोलली? तशी नोंद नसेल तर तो सल्ला नाही, तो अंदाज आहे. आणि 'आम्ही सगळ्याच पद्धती थोड्या थोड्या वापरतो' असं कुणी म्हटलं तर विचारा, कुठली कधी आणि का? उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर तो आपला जुना तक्ताच आहे, फक्त फी घेऊन.

पण दुसऱ्या सल्लागारालाही एक गोष्ट ऐकवायला हवी. पीटरचा ससा पिंजऱ्यात होता, बांडुराचा कुत्रा पाळीव होता. आपल्या गल्लीतला कुत्रा तसा नाही. तो कधी खरंच चावतो, आणि जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा मोठा आहे, त्यात मुलंही पुष्कळ. त्यामुळं 'रोज थोडं थोडं कुत्र्याजवळ न्या' हे इथं जसंच्या तसं चालणार नाही. ओळखीच्या घरचा, लस दिलेला, बांधलेला, शांत कुत्रा घ्या. सुरुवातीला खिडकीतून, मग जिन्यातून, मग अंगणातून. तिच्याच वयाची एखादी न घाबरणारी मैत्रीण बरोबर असू द्या. मुलगी ज्याला बिलगते ते माणूस जवळ असू द्या. आणि रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यापासून लांब राहायचं, पळायचं नाही, हेही शिकवा. भीती घालवायची म्हणून तिची सावधगिरी काढून टाकायची नाही. मधे एखादा कुत्रा भुंकला आणि सगळं पाण्यात गेलं असं वाटलं, तर पीटर आठवा. तोही परत पहिल्या पायरीवर आला होता.

बाईंना आम्ही उत्तर पाठवलं त्यात हे सगळं लिहिलं, आणि उलट दोन प्रश्न विचारले. भीती पहिल्यांदा कधी दिसली? आणि त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं? त्यांचं उत्तर अजून यायचंय. तोवर तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून एक हात मघापासून वर आहे.